मानव कोणाला म्हणावे?

मानव या शब्दामागची फार जुनी गोष्ट मासा आणि नाव यांची आहे. ती शतपथ ब्राह्मणात येते. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला. आज मला सांभाळ, उद्या मी तुला तारीन, अशा अर्थाचे तो काही बोलला. मनूने त्याला आधी घड्यात ठेवले, मग खड्ड्यात आणि मोठा झाल्यावर समुद्रात सोडले. पुढे प्रलयाचे पाणी चढले तेव्हा त्याच माशाच्या शिंगाला मनूने नावेचा दोर बांधला आणि माशाने नाव उत्तरेच्या पर्वतापर्यंत ओढून नेली. बाकीची सारी प्रजा वाहून गेली. एकट्या उरलेल्या मनूने पाण्यात तूप-दही अर्पण केले, त्यातून इडा नावाची स्त्री प्रकट झाली आणि तिच्यापासून मनूची प्रजा पुन्हा वाढली. ही प्रजा म्हणजे मानव.

मासळी आणि होडी यांवर ज्या गावाचे पोट चालते त्या दापोली तालुक्यातल्या हर्णेला ही गोष्ट परकी वाटू नये. समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, संध्याकाळी पुळणीवर मासळीचा लिलाव, अशी या बंदराची ओळख आहे. इतिहासात हर्णेचे नाव आंग्र्यांच्या आरमारामुळे आणि १७५५ साली कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला त्या लढाईमुळे येते. पण या बंदराच्या परिसरात आणखी एक लढाई झाली, तिला तोफा लागल्या नाहीत. हर्णे, शेजारचे मुरुड आणि वर घाटीवरची दापोली या टापूशी नाते असलेल्या माणसांनी मानव या शब्दात कोण कोण येते, या एकाच प्रश्नावर आयुष्ये वेचली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्याच्या मध्यापर्यंतचा हा इतिहास आहे. तो सांगण्याआधी शब्दाचे मूळ नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचे सारे भांडण त्या मुळाशीच येऊन भिडते.

व्याकरणाच्या दृष्टीने मानव हे अपत्यवाचक नाम आहे. रघूचे ते राघव, पांडूचे ते पांडव, तसे मनूचे ते मानव. मानुष आणि मनुष्य हे शब्दही मनूपासूनच येतात, पण पाणिनीने त्यांच्यासाठी चौथ्या अध्यायात वेगळे सूत्र दिले आणि हे शब्द एका जातीचे वाचक आहेत, असे सांगितले. इथे जात म्हणजे जिला प्राणिशास्त्र आज जाती म्हणते ती, गाय किंवा घोडा ही जशी जात आहे तशी. सगळी माणसे मिळून एक जात, हे पाणिनीच्या सूत्रात गृहीतच आहे.

पाणिनीच्याही आधी होऊन गेलेल्या मानल्या जाणाऱ्या यास्काने निरुक्तात मनुष्य शब्दाच्या एकाहून अधिक व्युत्पत्त्या मांडल्या. विचार करून जे आपली कर्मे एकमेकांना शिवतात, जोडतात, ते मनुष्य, ही त्यांतली एक. मनूची संतती ते मनुष्य, ही दुसरी. मन् म्हणजे विचार करणे, हा धातू दोन्हींच्या पाठीशी उभा आहे. यास्काच्या पहिल्या व्युत्पत्तीत जन्माचा उल्लेखच नाही. जो विचार करतो आणि विचारपूर्वक वागतो तो मनुष्य, एवढीच तिची अट आहे. दुसरीत जन्म आहे, पण तो सर्वांचा एकाच पूर्वजापासून आहे. दोन्ही वाटांनी गेले तरी कोणी माणूस बाहेर राहत नाही.

हा शब्द जमिनीवरून आणि समुद्रावरून फार दूर गेला. पालीत तो मनुस्स झाला, प्राकृतात माणुस, बंगालीत मानुष, कोकणीत मनीस. भारतातून शेकडो वर्षांपूर्वी बाहेर पडून युरोपभर पसरलेल्या रोमा लोकांच्या भाषेत माणसाला आजही मनुश म्हणतात. जावा-सुमात्रा-मलायाच्या बाजूला संस्कृत शब्द व्यापाऱ्यांच्या गलबतांतून गेले आणि मलय भाषेत मनुसिया हा शब्द रुजला. इंग्रजीतला मॅन आणि जर्मनमधला मान् हे याच कुळातले मानले जातात. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस जर्मन टोळ्यांविषयी लिहिले तेव्हा त्यांच्या मूळ पुरुषाचे नाव मॅन्नस असल्याची नोंद केली.

इतर संस्कृतींनी माणसाला वेगळ्या वाटेने नाव दिले. लॅटिनमधला होमो हा शब्द मातीच्या नावाशी जोडलेला आहे. हिब्रूमध्ये आदाम आणि जमीन या अर्थाचा अदामा हे शब्द शेजारी उभे आहेत, आणि त्या आदामवरून अरबी-फारसीमार्गे आलेला आदमी आपण मराठीत रोज वापरतो. संस्कृतातच मर्त्य हा आणखी एक शब्द आहे, मरणारा तो मर्त्य. फारसीतला मर्द त्याचाच भाऊबंद. म्हणजे कोणी माणसाला माती म्हटले, कोणी मरणारा म्हटले, आणि आपल्याकडे विचार करणाऱ्याचे लेकरू म्हटले.

मराठीने या शब्दाला आणखी एक गोष्ट दिली आणि ती आपल्या तोंडी इतकी बसली आहे की लक्षातही येत नाही. आपण तो माणूस म्हणतो, पण अनेकवचनात ती माणसे म्हणतो. एकवचनी पुल्लिंग आणि अनेकवचनी नपुंसकलिंग. एकटा असेल तर बहुधा पुरुष डोळ्यांसमोर येतो, पण चार माणसे म्हटले की त्यांत बायका, पुरुष, मुले सगळी येतात. बाईमाणूस आणि गडीमाणूस हे दोन्ही शब्द म्हणूनच सहज तयार झाले. कोकणात तर एकवचनीही ते माणूस असे ऐकू येते. भाषेचा मूळ पिंड सर्वांना पोटात घेणारा आहे, याचा हा घरगुती पुरावा.

मग वाद कशाचा? वाद असा की व्याकरणाने जे दिले होते ते व्यवहाराने काढून घेतले होते. आणि जे काढून घेतले होते त्याचा आधार ज्या ग्रंथात शोधला जाई, त्याच्याच नावात मानव होता.

तो ग्रंथ म्हणजे मनुस्मृती, अर्थात मानवधर्मशास्त्र. विल्यम जोन्सने १७९४ साली तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि कंपनीच्या न्यायालयांना हिंदू कायद्याचे एक पुस्तक हाती मिळाले. पण मेधातिथी, कुल्लूक, राघवानंद अशा जुन्या टीकाकारांच्या टीका एकत्र छापून मानवधर्मशास्त्राची भारदस्त आवृत्ती काढण्याचे काम १८८६ साली मुंबईत पुरे झाले आणि ते करणारा गृहस्थ हर्णेच्या शेजारचा होता. विश्वनाथ नारायण मंडलिक यांचा जन्म १८३३ चा, मुरुडचा. रत्नागिरी आणि मग मुंबईचे एल्फिन्स्टन अशा वाटेने ते शिकले, नामांकित वकील झाले, ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे पत्र त्यांनी काढले, मुंबईच्या आणि पुढे कलकत्त्याच्या कायदेमंडळात बसले. व्यवहारमयूख आणि याज्ञवल्क्य स्मृती यांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८८० चे. रावसाहेब मंडलिकांची विद्वत्ता निर्विवाद होती. अभ्यासकांनी त्यांची आवृत्ती पुढे कितीतरी वर्षे वापरली.

त्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात सारी सृष्टी एका मूळ पुरुषापासून निघते. पण तिथेच मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांपासून चार वर्ण निघतात आणि त्यांची कामे ठरतात. पुढे नवव्या अध्यायात स्त्रीला आयुष्याच्या कोणत्याच अवस्थेत स्वातंत्र्य नाही असे येते. दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे असे येते. नावात सगळ्या मानवांचा धर्म आणि आत मानवांच्या पायऱ्या. मुरुडच्या एका सुपुत्राने हा ग्रंथ शास्त्रशुद्ध छापला, त्याच काळात त्याच तालुक्यात त्या पायऱ्यांना जाब विचारणारा माणूस राहायला आला.

गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळ गावचे. महार समाजात जन्मलेले, लष्करात नोकरी केलेले आणि जोतीराव फुल्यांच्या विचाराने भारलेले. १८८६ मध्ये ते निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. दापोलीला जुनी माणसे कॅम्प दापोली म्हणतात, कारण इंग्रजांनी १८१८ नंतर तिथे लष्करी छावणी वसवली. पेन्शनवर आलेल्या महार आणि इतर शिपायांची वस्ती त्या छावणीच्या आश्रयाने वाढली. या शिपायांनी बंदूक चालवली होती, वाचायला-लिहायला ते शिकले होते, परमुलूख त्यांनी पाहिला होता. गावी परतल्यावर मात्र पाणवठ्यावर त्यांची जागा बदललेली नव्हती.

वलंगकरांनी ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून लिहिले. १८८८ च्या सुमारास त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ आले. धर्म जाणणाऱ्या पंडितांना उद्देशून त्यांनी त्यात प्रश्नांची मालिका उभी केली. अस्पृश्यता कुठून आली, कशाने येते आणि कोणत्या आधारावर टिकते, असा त्यांचा रोख होता. त्यांची मांडणी विनवणीची असली तरी तिच्यातला प्रश्न धारदार होता. त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक’ मंडळी स्थापन केली आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती थांबली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्ये अर्ज तयार केला. १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. १९०० साली ते वारले. अस्पृश्यतेविरुद्ध त्या समाजातून उठलेला पहिला संघटित, छापील आवाज दापोलीतला होता, हे महाराष्ट्राने विसरू नये.

वलंगकर दापोलीत लिहीत होते, त्याच वर्षांत मुरुडच्या दुसऱ्या एका घरातल्या तरुणाची वाट वेगळ्या दिशेने त्याच प्रश्नाकडे निघाली होती. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. घरची गरिबी. १८७५ साली त्यांना सरकारी परीक्षेला बसायचे होते. पावसाळा संपलेला नव्हता, समुद्र खवळलेला होता, मुंबईची वाट बंद. म्हणून मुरुडची काही मुले साताऱ्याला पायी निघाली. कुंभार्ली घाट, जंगल, कोसळता पाऊस, शंभराहून अधिक मैलांची मजल. साताऱ्याला पोचल्यावर परीक्षकांनी या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिले आणि तो सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. जवळचा दाखलाही उपयोगी पडला नाही. मुलगा तसाच परत आला. आपण कोण हे कागदावर सिद्ध असूनही समोरचा नुसत्या दिसण्यावरून आपल्याला नाकारू शकतो, हा अनुभव कर्व्यांना पोरवयात आला.

पुढे ते मुंबईत शिकले, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पहिली पत्नी राधाबाई वारल्यावर त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या विधवेशी लग्न केले. गोदूबाई देवरुखच्या जोशांच्या, बालवयातच विधवा झालेल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये काढलेल्या शारदा सदनात त्या शिकल्या होत्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी तो काळ स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवला.

मुरुडने या लग्नाची दखल बहिष्काराने घेतली. ज्या बैठकीत कर्वे असतील तिथे कोणी बसायचे नाही आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरावरही बहिष्कार, असे गावकीने ठरवले. ज्या मुलाचे गावाने कौतुक केले होते, त्याला आता आईला भेटायला यायचे तरी घरच्यांच्या काळजीने पाऊल अडखळे. विधवा ही माणूस आहे, तिला पुन्हा संसार मांडण्याचा हक्क आहे, एवढेच कर्व्यांनी कृतीने म्हटले होते. त्याची किंमत गावाने त्यांच्याकडून आणि त्यांच्या आईकडूनही वसूल केली.

कर्व्यांनी गावाचा राग धरला नाही. मुरुड फंड उभारून ते गावाच्या कामासाठी पैसे जमवत राहिले. १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू झाला, तो पुढे हिंगण्याला गेला. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. पुढे ठाकरसींच्या देणगीनंतर ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झाले. हे काम करताना ते माणसाच्या व्याख्येचा एक कोपरा उजळत होते. दुसरा कोपरा अजून अंधारात होता आणि त्याची वात पेटवणारा माणूसही बालपणी दापोलीत राहिला होता.

सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंबासह दापोलीत राहिले. मूळ गाव आंबडवे, शेजारच्या मंडणगड तालुक्यातले. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव १८९१ साली महूला जन्मला आणि त्याच्या लहानपणाची काही वर्षे दापोलीच्या त्या पेन्शनरांच्या वस्तीत गेली. वलंगकरांच्या लेखनाने जिथली हवा तापली होती, तीच ही वस्ती.

हाच भीमराव म्हणजे डॉ. आंबेडकर. १९२७ साली ते महाडला आले. २० मार्चला अस्पृश्यांना नाकारलेल्या चवदार तळ्याचे पाणी हजारो माणसांनी हातात घेतले. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. २४ तारखेला आंबेडकर आणि मुंबईचे प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दासगावला उतरून महाडला गेले. हर्णेच्या उत्तरेला बाणकोट आहे, तिथे सावित्री समुद्राला मिळते. त्याच खाडीने आत गेले की दासगाव. परिषदेला जागा मिळणे अवघड झाले तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली.

२५ डिसेंबरच्या रात्री तिथे मनुस्मृती जाळण्यात आली. दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. या दहनाची चर्चा खूप होते, पण त्याच परिषदेत हिंदुमात्राच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा झाला, त्याचीही तितकीच चर्चा व्हायला हवी. सर्व माणसे जन्मतः समान दर्जाची आहेत आणि मरेपर्यंत तशीच राहतात, असा त्याचा गाभा होता. आंबेडकरांनी आपल्या भाषणात या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. महाडच्या शेतात बसलेल्या माणसांपुढे ही तुलना करताना त्यांना शब्द थिटा करायचा नव्हता. त्यांना माणूस या शब्दाचे पूर्ण मोल मागायचे होते.

या चळवळीने मराठीतला एक साधा शब्द वर उचलला. माणुसकी. गावकी, भावकी, पाटीलकी यांच्याच साच्यातला हा शब्द आहे. या साच्याचा आणखी एक शब्द कोकणात आणि देशावर प्रत्येकाला ठाऊक होता, महारकी. येसकराची कामे, सांगावे पोचवणे, मेलेली गुरे ओढणे आणि त्याबदल्यात वतनाची जमीन व घरोघरची भाकर, हे सारे महारकीत येई. १९२८ मध्ये आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते महारकीचे जोखड सैल करण्यासाठी. महारकी जन्माने गळ्यात पडत होती. माणुसकी जन्माने मिळायला हवी होती आणि तीच नाकारली जात होती. आज आपण माणुसकी म्हणतो तेव्हा दया, कनवाळूपणा एवढेच मनात येते. आंबेडकरांच्या सभांत माणुसकीचे हक्क असा शब्द येई तेव्हा त्याचा अर्थ कोणाच्या दयेवर अवलंबून नव्हता.

इथून पुढे दापोली तालुक्याचे धागे जगाच्या धाग्यांत मिसळतात. कर्व्यांच्या घरात सून म्हणून आलेल्या इरावतीबाई १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे पुढे नाझी राजवटीच्या वंशधोरणाचे पुरस्कर्ते ठरले. माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू किती सारखी आणि किती असमान, हा इरावतीबाईंचा विषय होता. युरोपियनांच्या कवटीतली असमानता त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठत्वाची खूण आहे, असे निघावे ही फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या एकेक करून मोजल्या. त्यांत आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. या असमानतेचा वंशाशी काही संबंध नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. जगात वंशश्रेष्ठत्वाचा डंका वाजत असताना, फिशर यांच्याच संस्थेत बसून, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, मोजमापाच्या आधारावर एका मराठी बाईने मानव एकच आहे ही बाजू लावून धरली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुढे त्यांनी तीस वर्षे याच शास्त्रात काम केले.

दापोलीच्या मिशन हायस्कुलात शिकलेल्या पांडुरंग वामन काण्यांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू हाताळली. त्यांचे वडील दापोलीत वकिली करत. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० पासून १९६२ पर्यंत निघाले. मनुस्मृती आजच्या रूपात इसवी सनापूर्वी दुसरे शतक ते इसवी सनाचे दुसरे शतक या काळात तयार झाली, असे त्यांनी पुराव्यांनिशी मांडले. धर्मशास्त्राचे नियम काळाबरोबर कसे बदलत गेले, हे त्यांनी हजारो पानांत दाखवले. ज्याला काळ आहे त्याला बदल आहे, आणि ज्याला बदल आहे ते कोणाच्या माणूसपणावर कायमचा शिक्का मारू शकत नाही. मंडलिकांनी ग्रंथ छापून दिला, काण्यांनी त्याला इतिहासात बसवले.

धोंडो केशव, म्हणजे अण्णासाहेब कर्वे, अजून थकले नव्हते. १९४४ मध्ये, वयाची पंच्याऐंशी उलटून गेल्यावर, त्यांनी समता संघ काढला आणि ‘मानवी समता’ हे मासिक सुरू केले. विधवा, मग सर्व स्त्रिया, मग खेड्यातली शिक्षणावाचून राहिलेली मुले आणि अखेर जातिभेदाविना मनुष्यमात्र, असा त्यांचा प्रवास होता. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांना गावाने एका बैठकीतून उठवले होते, त्यांनी आपल्या शेवटच्या संस्थेच्या मासिकाच्या नावात मानवी हा शब्द घेतला.

चार वर्षांनी संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत होता. पहिल्या कलमात सर्व ‘मेन’ स्वतंत्र आणि समान जन्मतात, अशी शब्दयोजना होती. जुन्या इंग्रजीत मॅन या शब्दात स्त्री आणि पुरुष दोन्ही येत. शतकानुशतके वापरून तो पुरुषापुरता आकसला होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला की या शब्दाने पुढे स्त्रियांना वगळले जाईल. त्यांच्यामुळे तिथे ‘सर्व मानव’ या अर्थाचे शब्द आले आणि १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा मंजूर झाला. हंसाबेन मेहता त्याच दशकात कर्व्यांनी स्थापलेल्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. मनूच्या घराण्यातला एक शब्द युरोपात पुरुषापुरता उरला, दुसरा आपल्याकडे वर्णापुरता. दोघांची दारे पुन्हा उघडणाऱ्यांत मुरुडच्या अण्णासाहेबांच्या आणि बालपणी दापोलीत राहिलेल्या बाबासाहेबांच्या कामाचा हात आहे.

कर्व्यांना १९५८ मध्ये, काण्यांना १९६३ मध्ये आणि डॉ. आंबेडकरांना मरणोत्तर १९९० मध्ये भारतरत्न मिळाले. एका तालुक्याशी नाते असलेली ही तीन नावे. चौथे नाव वलंगकरांचे. त्यांना असा सन्मान मिळाला नाही, पण सुरुवात त्यांची आहे.

या सगळ्या इतिहासातून माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की होते. मानव हा शब्द कोणी कोणाला दान दिलेला नाही. यास्काच्या व्युत्पत्तीत, पाणिनीच्या सूत्रात आणि आपल्या रोजच्या ती माणसे या बोलण्यात तो आधीपासून सर्वांचा होता. समाजाने त्याला कुंपण घातले आणि ते कुंपण समाजातल्याच माणसांनी, बहिष्कार सोसून, पायी चालून, प्रश्न विचारून आणि कवट्या मोजून काढले. कुंपण पुन्हा कुठेही उभे राहू शकते, कधी जातीच्या नावाने, कधी धर्माच्या, कधी परप्रांतीय म्हणून, कधी नुसत्या दिसण्यावरून.

हर्णेला लोक सुवर्णदुर्ग पाहायला आणि ताजी मासळी घ्यायला येतात. त्यांना एक विनंती आहे. परतताना मुरुडला अण्णासाहेब कर्व्यांचे गाव पाहा, दापोलीत वलंगकर आणि रामजी सुभेदार यांची नावे मुलांना सांगा, जमले तर महाडचे चवदार तळे गाठा. आणि या परिसरातल्या शाळांनी मंडलिक, वलंगकर, कर्वे, काणे आणि आंबेडकर ही पाच नावे वेगवेगळ्या जयंत्यांना वेगळी न काढता एका धड्यात एकत्र शिकवावीत. त्यांच्यात मतभेद होते, पण पाचही जण एकाच शब्दाशी आयुष्यभर झटले, आणि तो शब्द आपल्या प्रत्येक मुलाचे पहिले नाव आहे.